वळवलेलं तोंड

—नाही हो, होणार नाही असं मी कुठे म्हटलं? होईल. बसा तुम्ही. ते स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे, माणूस बोलता बोलता कलंडतो — त्या खोक्यावर बसा, बळकट आहे. काल तुम्ही शेजारच्या टायरवाल्याजवळ हे पोतं ठेवून गेलात, निरोपही ठेवलात, त्यानं सांगितला मला सगळा. सुपरचार्जरचं हवा बाहेर टाकायचं तोंड उजवीकडे आहे, ते डावीकडे वळवून हवं. तुम्ही इंटरकूलर डावीकडे बसवलाय, आणि आत्ता पाइप सगळ्या इंजिनाला प्रदक्षिणा घालून न्यावा लागतोय — बरोबर? मग ठीक आहे. सुपरचार्जरनं इंजिनात कोंबायला हवा दाबली की ती तापते, तापलेली हवा गार करायला इंटरकूलर, आणि या दोघांच्या मधला पाइप जेवढा लांब, जेवढे कोपरे जास्त, तेवढी गाडी आळशी. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही चालवता. ॲल्युमिनियमची बॉडी आहे. तोंड कापायचं, फिरवायचं, आर्गन वेल्डिंगनं परत जोडायचं. फक्त एक आहे — हे तोंड याआधी एकदा कापलेलं आहे. लक्षात आलं होतं तुमच्या? इकडे या, बोट फिरवा. ही अशी बारीक शिवण लागते ना बोटाला, गोल गेलेली? हा जोड माझ्या भावानं घातलाय. याच टेबलावर.

नाही, चूक नाही होत. दादा डावखुरा आहे. त्याच्या जोडाच्या लाटा उलट्या अंगाला कलतात, साऱ्या जगाच्या एकीकडे आणि याच्या दुसरीकडे. लहानपणी त्याच्या उशीवरच्या खळग्यावरून मी ओळखायचे की कोण झोपलं होतं, तसं आहे हे. पण ते राहू दे. तुमच्या कामाचं बोलू. तुम्हाला घाई आहे का? नाही ना. मग थोडं ऐका, कारण यावर करवत कोण चालवणार हे तुम्हाला कळायला हवं, आणि ते असं एका वाक्यात नाही सांगता यायचं.

हा कारखाना वडिलांचा, मग दादाचा. दादा माझ्याहून बराच मोठा. कामाला सोनं, बोलायला दगड. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट काढायचा — तेल सोडायचं, थांबायचं, हळूच फिरवायचं, आणि तरी निम्म्या वेळा मान तुटायची. आमची वहिनी आमच्याकडे सून म्हणून आली नाही, गिऱ्हाईक म्हणून आली. ट्रॅक्टरनं ओढून आणलेली गाडी, आणि ही स्टिअरिंगवर बसून हसतेय, जणू वरातच चाललीय तिची. रेडिएटर फुटला होता. दादानं दुरुस्त केला. पुढच्या आठवड्यात परत आली, म्हणे ब्रेक वाजतो. ब्रेक वाजत नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणे दार नीट लागत नाही. शेवटी मीच दादाला म्हटलं, अरे, तिच्या गाडीत काही बिघाड नाही, बिघाड इथे झालाय, तो बघ. तो कानसेनं काहीतरी घासत होता, घासतच राहिला, पण कान लाल झाले.

मग ती राहायलाच आली. काय बाई होती. चालवायची ती, करायचा हा. वर घाटात शर्यती व्हायच्या तेव्हा — एकेका गाडीनं एकटीनं चढायचं, कोण लवकर पोचतं ते बघायचं. पुरुष सगळे, आणि ही. तिला ही सुपरचार्जरवाली गाडी दादानं उभी करून दिली होती. आवाज माहीत असेल तुम्हाला, कोणीतरी दातांमधून शीळ घालत यावं तसा. ती खालच्या वळणाला असली तरी गावातली पोरं हातातलं टाकून रस्त्यावर यायची. मलाही तिनंच गाडी शिकवली. मला म्हणायची, ठिणगे, गाडीला घाबरतेस कशाला, गाडी तुला घाबरायला हवी. ठिणगी हे तिनंच ठेवलेलं नाव. तिच्यानंतर कोणी हाक मारली नाही त्या नावानं, आणि मारली असती तर मी ओ दिली नसती.

तर हे तोंड. मुळात ते मागे होतं, इंजिनाच्या भिंतीकडे. पाइप मागून निघायचा, वरून यायचा, बाजूनं खाली उतरायचा आणि मग कुठे पुढे इंटरकूलरला मिळायचा. वळणातून बाहेर पडताना वहिनी पाय द्यायची आणि गाडी क्षणभर गप्प. ती म्हणायची, मी पाय देते आणि ही आधी घरच्यांना विचारून येते. तिला ते तोंड पुढे हवं होतं, उजव्या अंगाला, म्हणजे पाइप हातभर आणि एकच कोपरा. दादा तयार नव्हता. म्हणाला, ओतीव ॲल्युमिनियम आहे, आत दोन रोटर केसाएवढ्या फटीनं फिरतात, आचेनं बॉडी जराशी जरी मुरडली तरी ते एकमेकांना खातील. आणि जोडाला चीर गेली, एखादा तुकडा सुटला, तर तो पाइपातून पुढे जाऊन थ्रॉटलच्या पडद्यात अडकेल — मग तू पाय काढशील आणि गाडी थांबायची नाही. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिनं हट्ट नाही केला. ती फक्त रोज बोनेट उघडून त्या लांब पाइपाकडे बघत उभी राहायची, आणि दादा तिच्याकडे.

शेवटी केलं त्यानं. काय निगुतीनं केलं. रोटर काढले, बेअरिंग काढली, बॉडी जाड लोखंडी पाटावर आवळून बसवली म्हणजे मुरडायला नको. थंड धातूला एकदम आच लागू नये म्हणून पलीकडच्या पाववाल्याच्या भट्टीत आधी गरम करून आणली — पाववाला पुढे कितीतरी दिवस बोंबलत होता की गिऱ्हाइकं म्हणतात पावाला इंजिनाचा वास येतो. मग कापलं, फिरवलं, जोडलं. आणि जोडून झाल्यावर घोंगडीत गुंडाळून ठेवलं, हळूहळू निवायला. तो त्या घोंगडीशेजारी बसून होता. मी चहा दिला तर म्हणाला, हळू बोल.

मग दुसऱ्या दिवशी सगळं बसवून झालं. दुपार होती, लख्ख ऊन. वहिनी म्हणाली, एकदा वर जाऊन येते, बघू कशी खेचते. गाडी बाहेर काढली. मला म्हणाली, चलतेस? माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रॉकेलमध्ये, सुटे भाग धूत होते. मी म्हटलं, तू हो पुढे, मी मागाहून कधीतरी बसेन. ती गाडी चालू ठेवून थांबली थोडा वेळ. मला वाटलं, इंजिन तापवतेय. मग गेली.

इथल्या दारातून घाट दिसत नाही, पण ऐकू येतो. दादा दारात उभा होता, ऐकत. शीळ वळणात शिरायची, लहान व्हायची, बाहेर पडली की मोठी. काय खेचत होती गाडी. पाय दिला की जोर हजर. दादा हसत होता हो — मी पाहिलंय. आणि मग अगदी वरच्या वळणाला आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि नाही. दादा म्हणाला, आवाज तुटला. मी म्हटलं, तुटला नाही, पलीकडे गेला, माथा ओलांडला तिनं. तो म्हणाला, तुटला. त्या एका शब्दावरून आम्ही भाऊ-बहीण इतकी वर्षं भांडतोय, तुटला की गेला. तोंडानं नाही भांडत. पण भांडतोय.

ती आली नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग टायरवाल्याची गाडी घेऊन वर गेलो. वरच्या वळणाला कठडा फुटलेला. आता तो आधीच फुटला होता की तेव्हा फुटला, कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे जुनाच आहे, कोणी म्हणे काल तर धड होता. आणि खाली धरण. ते पाणी बघितलंत का तुम्ही येताना? काळं आहे, उन्हातसुद्धा. पोलीस आले, दोर सोडून माणसं उतरली, पाणबुडे आले. काही मिळालं नाही. ना गाडी, ना काच, ना तेलाचा तवंग. तळाशी गाळ फार, म्हणाले. पोलिसांनी विचारलं, नवरा-बायकोत भांडण होतं का? भांडायला दोन माणसं लागतात. दादा बिचारा एका माणसाएवढाही बोलत नव्हता. तिचे कपडे जागच्या जागी, चपला दाराशी, ओला टॉवेल दोरीवर. मी तो काढला नाही. वाळला, कडक झाला, तरी काढला नाही.

दादानं मनाशी ठरवून टाकलं. जोड तुटला. माझ्या हातचा जोड तुटला, तुकडा थ्रॉटलमध्ये गेला, तिनं पाय काढला आणि गाडी थांबली नाही. त्याला किती समजावलं, अरे, कोणी पाहिलंय का? तर नुसता हाताकडे बघायचा. मग त्यानं भंगारातून बॉड्या आणायला सुरुवात केली. तोंड कापायचं, वळवायचं, जोडायचं, आणि मग तो जोड तोडून बघायचा — हातोड्यानं, पाण्याच्या दाबानं, तापवून गार पाण्यात बुडवून. ते मागचं फळकूट दिसतंय ना, काळोखात? जाऊन बघा हवं तर. सगळी वळवलेली तोंडं आहेत. एकालाही जोडावर चीर नाही. जोडाच्या शेजारी फुटलीत, जोडावर नाही. कोणीही म्हटलं असतं, बाबा, सुटलास. पण त्याचं म्हणणं, हे जोड मी भीतीनं घातलेत म्हणून टिकतात, तो मी आनंदात घातला होता. 

आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की दादा लोखंडी गज घेऊन गाळात उतरायचा. दर उन्हाळ्यात. गज खुपसायचा, ऐकायचा, पुढचं पाऊल टाकायचा. मी मागून छत्री धरून. घोट्यापर्यंत गाळ, वर ऊन, आणि आम्ही दोघं, जसं काही पेरणीला निघालोय. एकदा गज ठणकन वाजला. दादा गुडघ्यांवर बसला आणि हातांनी उपसायला लागला, नखं निघाली तरी थांबेना. गुरांना पाणी पाजायची जुनी लोखंडी टाकी निघाली. तो त्या टाकीच्या कडेला हात लावून बसून राहिला. म्हणाला, तिला थंडी वाजत असेल. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले हो. पाण्याला नाही, त्याला.

आवाज तर त्याला रोजच यायचा. दुपार झाली की दारात जाऊन मान वाकडी करून उभा. लेथचा पट्टा घसरला की शीळ, किटलीला वाफ धरली की शीळ. शेजारचा टायरवाला, त्याचा हवेचा पंप सुरू होताना तशीच शीळ घालायचा, आणि दर वेळी दादा हातातलं सोडून रस्त्यावर. टायरवाल्यानं पंप बदलला हो. चांगला चालता पंप विकून दुसरा आणला. आम्हाला बोलला नाही, मला नंतर कळलं. मग एक दिवस दादानं आर्गनचा टॉर्च खुंटीला लावला आणि परत हात लावला नाही. म्हणून मी शिकले. आजवर इथे जे काही जोडलं गेलं ते मी जोडलंय. तो मोजून देतो, आखून देतो, पण आच माझी.

लोक बोलायचे, पळून गेली असेल. कोणाच्या मेव्हण्यानं तिला कुठल्या तरी गावात पाहिली होती म्हणे. मी अशांना दारातून हाकलायचे. दादाला मात्र मी तेच सांगायचे — जिवंत असेल रे, गेली असेल कुठेतरी, तुझा जोड धड असेल. सांगायचे, पण माझा स्वतःचा त्यावर कधीच विश्वास नव्हता. मी मनात तिला केव्हाच पुरून टाकली होती. बरं वाटायचं मला तसं. म्हणजे बरं नाही — तुम्ही भलताच अर्थ काढू नका. पण मेलेलं माणूस आपलंच राहतं ना? ते जातं तेव्हा तुम्हाला टाकून जात नाही, त्याला जावंच लागतं. मी तिच्याशी बोलायचे कधी कधी, भांडी घासताना. आज अमुक झालं, आज मी एकटीनं अख्खा सायलेन्सर जोडला. लग्न-बिग्न नाही केलं मी. दादाला बघायला कोणीतरी हवं, असं सगळ्यांना सांगितलं. बाहेर पडून जायचं तरी कुठे? मला बाहेर नेणारी एकच होती.

जाऊ द्या. काल काय झालं ते सांगते, म्हणजे तुमच्या कामाचं कळेल. मी बाजारात गेले होते. टायरवाल्यानं पोतं आणून टेबलावर ठेवलं. मी परत आले तर दादा टेबलाशी उभा, पोतं खाली, आणि हे त्याच्या हातात. रॉकेलनं पुसून लख्ख केलेलं. मी लांबूनच ओळखलं आणि हातातल्या पिशव्या तिथेच ठेवल्या. मला वाटलं, आता हा पडणार. तो पडला नाही. त्यानं मला बोलावलं आणि नखानं दाखवलं, हे बघ, हा इंजिनाला बसवायचा कान. हा पुढे कधीतरी तुटलाय, आणि कोणीतरी परत चिकटवलाय — परका हात आहे, काम ओबडधोबड आहे. आणि आत बघ, रोटर फिरून फिरून भिंत कशी घासलीय. बेअरिंगही मूळची नाहीत, बदललीत. एका दुपारची नाही ही झीज. ही खूप चाललीय, म्हणाला. वर्षानुवर्षं चाललीय. मग जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, टिकला.

मी म्हटलं, दादा, म्हणजे ती गेली. कळतंय का तुला? आपल्याला सोडून गेली.

तो म्हणाला, “हो. जिवंत गेली.”

आणि हसला हो. दारात उभा राहून हसला होता तसा. हात धुतले, पोटभर जेवला, आणि भर दुपारी पाय पसरून झोपला. इतक्या वर्षांत त्या वेळेला तो कधी आडवा झाला नव्हता. घोरत होता. दारात कोणी नव्हतं — मी होते, पण ते असंच, पिशव्या उचलायला गेले होते. आज सकाळी उठून त्यानं खुंटीवरचा टॉर्च काढला, नळी तपासली, नवी नोझल घातली. म्हणाला, हे काम मी करणार. सळ्या आणायला गेलाय आत्ता, सायकलवर. येईलच. शीळ घालत गेला. तर तुमच्या कामावर करवत तोच चालवेल, आणि नीट चालवेल, त्याची काळजी नको. मी एवढंच सांगणार होते, बघा कुठल्या कुठे गेले.

एक ठरवलं होतं मी कालपासून, तुम्हाला विचारायचं नाही की ही बॉडी तुम्ही कोणाकडून घेतलीत. नाही, नका सांगू. भंगारवाल्याकडून घेतली असेल, या हातातून त्या हातात फिरत आली असेल, माझं काही म्हणणं—

काय?

बाईंकडून?

...केस पांढरे? सगळे? हं. ते व्हायचेच. आणि हसतात कशा? म्हणजे मोठ्यानं, की... हो. हो, तशाच. काय करतात म्हणालात? मुलींना गाडी शिकवतात. शाळाच काढलीय? बरं. चांगलं आहे. चांगल्या शिकवत असतील. मुली पुष्कळ येत असतील ना? दारात गर्दी असेल.

थांबा, थांबा. इथला पत्ता तुम्हाला त्यांनीच दिला? त्यांनीच? मी आपली समजत होते, योगायोग. टायरवाला पण तेच म्हणाला, काय योगायोग. काय म्हणाल्या? शब्द आठवतात का? ...तोंड वळवायचं असेल तर दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. घाटाखाली एक डावखुरा माणूस आहे, तो असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या. तो नसेल तर कापूच नका, पाइप लांबून न्या. असं म्हणाल्या. हे त्याला सांगा तुम्ही, त्याला आवडेल. नाही — सांगू नका. त्यानं विचारलं तर सांगा. तो विचारणार नाही. तो तुम्हाला पाइपाचं विचारेल, किती जाड, कुठून नेणार, तेवढंच सांगा. त्याला तेवढं पुरेल आता.

आणि आणखी?

आणखी काही म्हणाल्या असतील. चहा-बिहा दिला असेल ना तुम्हाला, बसला असाल, माणूस बोलतो काहीतरी. तिथे त्या माणसाची एक बहीण असते... धाकटी... आठवून बघा. घाई नाही. ती अजून तिथेच असते का, असं काही? नुसतं सहज? जाता जाता?

नाही.

नाही, नाही, बरोबर आहे. त्या कशाला विचारतील. कामाचं बोलणं चाललेलं, त्यात असल्या गोष्टी कुठून येणार. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मी आपलं विचारलं. खिशात काय शोधताय? पत्ता? त्यांचा? नको. नको म्हणते ना, ठेवा तो परत आत. मी काय करू त्याचं.

सायकल वाजली बघा. दादा आला. उठा, इकडे टेबलाशी या, आणि हे हातात धरा — असं, जोड वर करून. माझ्याकडे बघत राहू नका. पाइपाचं बोला त्याच्याशी.